गोगलगायीचा उजवा खालचा कोपरा

भाईदास पेंटरने डॉ. स्वप्नील देवरे यांचा सूड घेतला. भर परिषदेत, पाहुण्यांदेखत, माईक चालू असताना घेतला. सरांचं तोंड एवढंसं झालं, संस्थाचालक पुढच्या रांगेतून उठून गेले, आणि सर बदली मागून जामनेरकडे गेले ते परत पारोळा रोडला दिसले नाहीत.

हे वाचलं असेल तर विसरून जा. असं काहीच झालेलं नाही.

झालं ते असं, की त्या सकाळी भाईदास पेंटर बेडकाच्या पोटाखाली उकिडवा बसून स्वतःचं नाव खरवडत होता.

बेडूक प्लायवूडवर होता. माणसाएवढा, उताणा, पोट उघडं. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना डाव्या हाताला जे कॉलेज लागतं, त्याच्या प्राणिशास्त्र विभागात असे बरेच जण भिंतीला टांगलेले होते. झुरळ, गांडूळ, तारामासा, सशाचं हृदय. सगळे भाईदासने रंगवलेले. प्रत्येकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'पेंटर भाईदास, धुळे'. ते आज जायचं होतं आणि त्या जागी यायचं होतं, 'संकल्पना व मार्गदर्शन : डॉ. स्वप्नील देवरे'. दोन्ही कामं भाईदासकडेच होती.

प्रयोगशाळेतला शिपाई सुकदेव शिडी धरायला आला होता. शिडीची गरज नव्हती, कारण कोपरे सगळे खालीच होते. तरी तो धरून उभा होता.

"आबा, या बेडूकनी संकल्पना सरनी शे का?"

"आते लिखी ऱ्हायनू ना. मंग त्यानीच."

"मंग देवनी काय कयं?"

"माले काय इचारस? त्यानी नि मनी वळख नही."

बेडकाच्या पचनसंस्थेची संकल्पना देवरे सरांची आहे, हे भाईदासला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बेडकालाही त्याच दिवशी कळलं असणार.

तेवढ्यात सर आले. वय पस्तिशीच्या आत, शर्ट इन केलेला, आणि अत्तर असं की ते आधी यायचं आणि सर मागून. "आबा, वाईट वाटून घेऊ नका हं," सर म्हणाले. "तपासणीची कमिटी येतेय. जिकडे बघावं तिकडे 'पेंटर, पेंटर'. बरं दिसत नाही. हे डिपार्टमेंट आहे, रसवंती नाही."

भाईदास खरवडत राहिला. रसवंत्याही त्याने रंगवल्या होत्या. पण एकाही रसवंतीवाल्याने त्याचं नाव पुसलं नव्हतं. शिरपूरचा एक जण तर म्हणायचा, आबा, नाव जरा मोठं टाका, तेवढीच जागा भरेल.

एके काळी धुळ्याहून शिरपूरला जाताना एसटीच्या खिडकीतून 'पेंटर भाईदास' वाचत वाचत जाता यायचं. किराणा, टेलर, पशुखाद्य, सायकल मार्ट, आमदारकीला पडलेले उमेदवार, सगळ्यांच्या खाली तो असायचा. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सने एकेक पाटी झाकली, आणि झाकली नाही ती उन्हाने नेली. त्यात भाईदासचा मुलगा प्रशील जळगावला फ्लेक्सच्याच दुकानात मशीनवर लागला. भाईदास त्याला घरातली फितुरी म्हणायचा आणि दर दिवाळीला त्याने आणलेला शर्ट मात्र घालायचा. आता जगात 'पेंटर भाईदास' असं लिहिलेले उरले होते ते हेच. एक बेडूक, एक झुरळ, एक गांडूळ, आणि आणखी काही मंडळी, ज्यांना वाचता येत नव्हतं.

"तुमनं नाव ऱ्हायनं काय नि गयं काय," संध्याकाळी त्याची बायको द्रौपदाबाई तव्यापाशी बसून म्हणाली, "भाकर तेवढीच फुगस."

भाकर फुगली. भाईदासही फुगलेलाच होता. त्याचा राग एनॅमल पेंटसारखा होता, वरून चटकन वाळायचा, बोट लावलं की आत ओला. त्याने जेवता जेवता बरेच सूड घेतले. झुरळाच्या मिशांना सरांच्या मिशांचं वळण द्यायचं ठरवलं. मग वाटलं, झुरळाने काय केलंय? गांडुळाला सरांचा चष्मा घालायचा विचार केला. पण गांडुळाला पुढची बाजू कुठली, हे तो स्वतःच अधूनमधून विसरायचा. मग त्याने हात धुतले आणि ठरवलं की घाई करायची नाही.

सूड स्वतः चालत आला. तोही बरणीत बसून.

हिवाळ्यात सर मुलांना घेऊन कोकणात गेले. ओहोटीच्या वेळी समुद्र मागे सरकतो, खडक उघडे पडतात, आणि खडकांच्या मधल्या डबक्यांत जे अडकतं ते बघायचं, असा अभ्यास होता. अभ्यासात लक्ष राहावं म्हणून सरांनी सगळ्यांचे मोबाईल बसमध्ये ठेवायला लावले होते. स्वतःचा सोबत घेतला, आणि खडकावर उभं राहून मागे समुद्र येईल असा फोटो काढताना तो डबक्यात पडला. सर आणि मुलं मिळून मोबाईल शोधू लागले. मोबाईल सापडला नाही. दगड उचलता उचलता शेवटच्या वर्षाच्या दिपमालाला एक गोगलगाय सापडली. तिने ती सरांच्या हातात दिली, सरांनी न बघता फॉर्मालिनच्या बरणीत टाकली आणि पुन्हा मोबाईल शोधायला वाकले.

फॉर्मालिन रंग खातं. धुळ्यात येईपर्यंत बरणीतला जीव उकडलेल्या लसणाच्या पाकळीसारखा झाला होता.

"ही सी-स्लग," सरांनी बरणी भाईदाससमोर टेबलावर ठेवली. "समुद्री गोगलगाय म्हणा. हिचं तीन फुटी मॉडेल करायचंय. प्लास्टरमध्ये."

भाईदासने बरणी उजेडाकडे धरली. "शंख कुठे गेला?"

"लहानपणी असतो. मोठी झाली की टाकून देते."

"मग जगते कशी सर? एवढी मऊ. कोणीपण खाईल."

सरांना शिकवायला आवडायचं, विद्यार्थी समोर नसले की जास्तच. "विषावर. तिथे खडकांना स्पंज चिकटलेले असतात, त्यांच्यात विष असतं. ही ते स्पंज खाते. विष हिला बाधत नाही. ते कातडीत साठवून ठेवते, आणि वरून अंगावर असे भडक रंग आणते की माशाने लांबूनच समजावं. रंग म्हणजे हिची पाटी. 'मला खाल तर मराल.'"

भाईदास थांबला. आयुष्यभर त्याने रंगाने 'सुस्वागतम' लिहिलं होतं, 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं होतं, 'येथे उत्तम प्रतीचे कापूस बियाणे मिळेल' लिहिलं होतं. रंगाने धमकी देता येते, आणि कुणीतरी ती समुद्राच्या तळाशी बसून देतंय, हे त्याला नवीन होतं. त्याला ती गोगलगाय एकदम जवळची वाटली.

"आणि ही शिंगं?"

"वास घ्यायला. डोळे नावालाच असतात. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. स्वतःचा रंग तिला दिसत नाही."

"आणि हे मागे पाठीवर फूल?"

"ते कल्ले. त्याने श्वास घेते. आणि फुलाच्या मधोमध गुदद्वार."

"फुलाच्या मधोमध?"

"हो."

"संकल्पना कोणाची?"

सर हसले नाहीत. सुकदेव मात्र शिडी नसताना शिडी धरायला बाहेर गेला.

"नर म्हणून करू का मादी?" भाईदासने विचारलं.

"प्रत्येक जण दोन्ही असतो. तसं काही दाखवायचं नाहीये. तुम्ही फक्त रंग नीट करा."

"रंग कोणता?"

"रंगीत."

"रंगीत म्हणजे?"

"खूप रंगीत हो. एकदम ब्राईट." सरांनी हवेत हात फिरवला. "तुम्ही आर्टिस्ट ना आबा? करा ना. परिषदेला किनाऱ्याकडच्या तांडेल मॅडम येणारेत, या विषयातल्या मोठ्या तज्ज्ञ. त्यांच्यासमोर अनावरण करायचंय."

नाव पुसताना पेंटर होता, रंग आठवेना तेव्हा आर्टिस्ट झाला. भाईदासने बरणी खाली ठेवली. त्याच्या डोक्यात सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं, नव्या पाटीवर पहिला हात मारल्यावर दिसतं तसं. मोठ्या तज्ज्ञ मॅडम. भरलेला हॉल. पडदा बाजूला होतो, आणि आत असं काहीतरी असतं की जे ना समुद्रात आहे, ना जमिनीवर, ना कुणाच्या स्वप्नात. खाली सरांचं नाव.

"करतो सर," तो म्हणाला. "तुमच्या मार्गदर्शनाखाली करतो."

प्लास्टरचा आकार वाळायला ओसरीवर ठेवला आणि त्याने कोपऱ्यातून उरलेले डबे काढले. विकत काही आणायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. सुडाला नवा रंग कशाला? कुल्फीच्या गाडीचा गुलाबी होता, तो अंगाला लावला. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीचा हिरवा होता, त्याचे ठिपके दिले, वाटीच्या बुडाएवढे. मारुतीच्या देवळाचा शेंदरी पाठीवरच्या फुलाला गेला, आणि फुलाच्या मधोमध जे असतं ते त्याने फार मन लावून काढलं. कडेला काय करावं सुचेना. तेवढ्यात समोरच्या रस्त्याने कापसाची ट्रॉली गेली. तिच्या मागे असते तशी लाल-पांढरी, लाल-पांढरी पट्टी त्याने गोगलगायीच्या कडेने सगळीकडून फिरवली.

द्रौपदाबाई धुणं वाळत घालता घालता थांबली. "हाऊ काय शे? पोळाना बैल?"

"गोगलगाय."

"गोगलगाय आशी ऱ्हास? आपला वावरमा तं मातीना रंगनी ऱ्हास."

"समुद्रनी शे."

"समुद्रमा कुल्फीनी गाडी बुडनी का?"

भाईदासला इतका आनंद झाला की त्याने ब्रश खाली ठेवला. हेच. हेच हवं होतं. हिला एवढं कळतंय तर तज्ज्ञ बाईला किती कळेल! "लोके हसतीन, पोट धरी धरी हसतीन," तो म्हणाला.

"आनि तुमनं नाव टाकशात खाले?"

"नही. त्यानं."

"मंग बरं शे," द्रौपदाबाई म्हणाली आणि पुन्हा धुण्याकडे वळली. भाईदासने उजवा खालचा कोपरा रिकामा सोडला. कोपरा मोकळा ठेवून बरं वाटायची त्याची ही पहिलीच वेळ.

शिंगं राहिली होती. डब्यांत एक निळाच उरला होता, चौदा एप्रिलच्या कमानीचा. तो निळा थट्टेत घालवायचा नव्हता. भाईदासने डबा उघडला, बंद केला, बाजूला ठेवला. मग त्याने गोगलगायीकडे बघितलं. बिचारीला काही दिसत नव्हतं, अंगावर काय काय चढवलंय याचा पत्ता नव्हता. कुठेतरी एक जागा तरी इमानाने रंगवावी, असं त्याला वाटलं. शिंगं निळी झाली. दोन हात दिले.

सर मॉडेल बघायला आले तेव्हा भाईदास श्वास रोखून उभा होता. सर पुढून बघून आले, मागून बघून आले. टाकीच्या हिरव्यापाशी थांबले, ट्रॉलीच्या पट्टीपाशी जास्त वेळ थांबले. भाईदासच्या मनात आलं, गेलं सगळं, आता म्हणतील हे काय केलंय.

"हां," सर म्हणाले. "रंग असाच होता."

"असाच?"

"डिट्टो. ही पट्टी तर मला अजून डोळ्यासमोर दिसतेय."

भाईदासने मान खाली घातली, कारण हसू आवरत नव्हतं.

परिषदेच्या दिवशी त्याने प्रशीलने दिलेला शर्ट इस्त्री करून घातला आणि सगळ्यात मागच्या रांगेत सुकदेवच्या शेजारी जाऊन बसला. लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा बसला होता, हात मांडीवर, नजर स्टेजवर. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले. संस्थाचालकांनी समुद्राविषयी दोन शब्द सांगितले. त्यांच्या मते समुद्र विशाल होता.

"आबा, कव्हय हसनं शे?" सुकदेवने हळूच विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. सुकदेवला माहीत नाही असं त्या कॉलेजात काही नव्हतं.

"पडदा उघडना की."

मग तांडेल मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. साधी सुती साडी, केस मागे बांधलेले, आवाज बारीक. त्यांनी दिवे घालवायला सांगितले आणि पडद्यावर जिवंत समुद्री गोगलगायींचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

पहिली जांभळी होती, पिवळ्या काठाची, पैठणीसारखी. भाईदासला जरा चमत्कारिक वाटलं. दुसरी पांढरी, तिच्यावर लाल गोल, मध्ये काळे टिंब, जणू कुणी पापडावर कुंकू लावून ठेवलंय. तिसरी अशी निळी की भाईदासने तो निळा कधी डब्यात पाहिला नव्हता. चौथीच्या पाठीवर तर नारिंगी शेंगांचं शेत होतं. हॉलमध्ये 'अय्या', 'बापरे' सुरू झालं. मॅडम सांगत होत्या, या खडकांच्या खाचांत राहतात, गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या गुंडाळीत अंडी घालतात, फार तर वर्षभर जगतात, आणि एवढ्या रंगांचा मालक स्वतः आंधळ्यासारखा असतो. भाईदासला यातलं अर्धंच ऐकू आलं. समुद्राला लाजबीज काही नव्हती. समुद्र कशालाच नाही म्हणत नव्हता.

"आणि ही," मॅडम म्हणाल्या, "मला गेल्या हिवाळ्यात कोकणात दोनच वेळा दिसली. अजून मी ती कुठे छापलेलीही नाही."

पडद्यावर कुल्फीचा गुलाबी आला.

त्यावर पाण्याच्या टाकीचे हिरवे ठिपके होते. पाठीवर शेंदरी फूल होतं. "या कडेची पट्टी बघा," मॅडम म्हणाल्या. "लाल, पांढरी, लाल, पांढरी. तुमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे असते ना, अगदी तशी. काम पण तेच. मागून येणाऱ्याने अंतर ठेवावं."

हॉल हसला. भाईदास हसला नाही. तो शिंगं बघत होता. ती निळी होती. दोन हात दिलेली.

दिवे लागले, सरांनी घाईघाईने मॉडेलवरचा पडदा ओढला, आणि तांडेल मॅडम स्टेजवरून खाली उतरून आल्या. त्या मॉडेलभोवती एक फेरी मारून आल्या. शिंगांना बोट लावून बघितलं. शेजारी बरणी होती, तिच्यातही डोकावल्या, पण बरणीत सगळेच पांढरे असतात. "सर," त्या म्हणाल्या, "हे बारकावे माझ्या फोटोतसुद्धा इतके नीट नाहीत. तुम्हाला कसे दिसले?"

"निरीक्षण," सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. संस्थाचालक उठून उभे राहिले, तेही टाळ्या वाजवायला. आणि त्या टाळ्यांत मागच्या रांगेत भाईदास पेंटरही उभा राहिला. तो टाळ्या वाजवत नाहीये हे लक्षात यायला लोकांना जरा वेळ लागला.

"म्याडम," तो मोठ्याने म्हणाला, "हाई मनी शे."

"काय म्हणतायत?"

"आमचे पेंटर आहेत," सर हसत म्हणाले. "म्हणतात, त्यांची आहे."

"अच्छा, रंगकाम तुमचं का? फार सुंदर केलंय काका."

"रंगकाम नही," भाईदासला शुद्ध बोलायचं होतं, पण जीभ ऐन वेळी गावाकडे पळाली. "रंग. रंग मी मना मनना टाका म्याडम. कुल्फीना, टाकीना, ट्रॉलीना. हसाकरता टाका. सरले काही याद नव्हतं. इचारा त्यासले. इचारा, हिरवा कोठेतून उना?"

हॉलमधल्या माना सरांकडे वळल्या. एका क्षणापुरतं भाईदासला वाटलं, लागला. बाण लागला.

"काका," मॅडमनी खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "तुम्ही समुद्र पाहिलाय?"

"नही."

"कोकणात कधी?"

"मालेगावना पुढे गयाच नही."

आणि हॉल हसला. पोट धरून हसला, मागच्या खुर्च्या करकरल्या, एक प्राध्यापक तर डोळे पुसत होता. हे हसू भाईदासनेच मागवलं होतं, अगदी असंच, एवढंच मोठं. आलंही वेळेवर. पत्ता तेवढा चुकला. "आबा आमचे फार विनोदी आहेत," सर माईकमध्ये म्हणाले. तांडेल मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकदा भाईदासकडे आणि एकदा मॉडेलकडे पाहिलं. त्या काहीतरी विचारणार होत्या. पण तोवर सरांनी त्यांच्या हातात गुच्छ दिला होता.

सुकदेवने भाईदासचा शर्ट मागून ओढला. "बसा आबा. बसा आते."

जेवणाच्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीपाशी एकटाच उभा होता. ही टाकीही त्यानेच रंगवली होती, हिरवीच. ताट घेऊन दिपमाला त्याच्याकडे आली. पारोळ्याजवळच्या खेड्यातली पोर, परिषदेसाठी काठाची साडी नेसलेली, पदर सांभाळता सांभाळता तिचं वरण सांडत होतं.

"आबा, एक सांगू का? कोनले सांगू नका."

"सांग माय."

"ती आशी नव्हतीच. मनाच हातमा व्हती ना पयले. मळकट पिवळी व्हती. उकडेल बटाटानी मायक."

"ठिपका?"

"एक बी नही."

"मंग तठे काब्र बोलनी नही?"

"प्रॅक्टिकलना मार्क सरना हातमा शेतस, आबा." तिला रडू येईल असं वाटत होतं. भाईदासने तिचं कललेलं ताट सरळ केलं आणि तो म्हणाला, जेव पोरी, थंड होतंय.

ती गेल्यावर तो बराच वेळ टाकीला टेकून राहिला. म्हणजे बरणीतली ती वेगळीच होती, बटाट्यासारखी. कुल्फीच्या रंगाची सरांनी कधी पाहिलीच नव्हती. ती मॅडमनी समुद्रात पाहिली होती आणि भाईदासने धुळ्याला ओसरीवर. बाकी जगात कुणीच नाही. त्याने सरांची फजिती करायला घरात उरलेले डबे काढले होते. समुद्राकडेही उरलेलेच डबे असावेत.

संध्याकाळी खुर्च्या उचलून झाल्यावर सर आले. आज त्यांच्या अत्तराला हारांचा वासही लागलेला होता. रागावले नव्हते, हे भाईदासला जास्त लागलं. "आबा, तुमची गंमत कळली हं मला," ते म्हणाले. "आता एक करा. मॉडेलला काचेची पेटी येतेय, तिच्यावर लिहायचंय, 'शोधक : डॉ. स्वप्नील देवरे'. सोनेरीत. आणि ठळक."

भाईदासने ते लिहिलं. चुकीचंही लिहिता आलं असतं, वाकडंही काढता आलं असतं. पण अक्षराशी त्याचं वैर नव्हतं. त्याने दोरी मारून ओळ आखली, 'शो' काढला, 'ध' काढला, काळ्याची सावली दिली. एवढं देखणं 'देवरे' त्या आडनावाच्या वाट्याला पूर्वी कधी आलं नसेल.

आठवड्याने कॉलेजच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. वर सर, खाली गोगलगाय, दोघंही हसल्यासारखी. जळगावला छापलेला होता, प्रशीलच्याच दुकानात. भाईदास सायकल उभी करून जवळ गेला आणि वाकून बघितलं. फ्लेक्सच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दुकानाचं नाव होतं.

घरी येऊन त्याने द्रौपदाबाईला ओसरी झाडायला लावली, पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरला, बारीक ब्रश घेतला आणि निळा डबा उघडला.

"आते काय रंगाडतस?" ती म्हणाली. "मगर?"

"अर्ज," भाईदास म्हणाला.

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
अरबी समुद्र, कोकण विभाग.

विषय : कोपऱ्यात नाव टाकण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयान्वये अर्ज सादर करतो की, आपल्या हद्दीत ओहोटीस उघड्या पडणाऱ्या खडकांच्या खाचांत एक समुद्री गोगलगाय वास्तव्यास आहे. अंग गुलाबी, ठिपके हिरवे, कड लाल-पांढरी, पाठीवरील फूल शेंदरी व शिंगे निळी. सदर रंगसंगती अर्जदाराने धुळे मुक्कामी स्वतःच्या मनाने केलेली असून आपणाकडील नमुना तिच्याशी तंतोतंत जुळतो. कोणी कोणाचे बघून केले, याबाबत अर्जदाराची आपणाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. आपले काम चांगले आहे. मात्र त्याखाली तिसऱ्याच इसमाचे नाव लागले आहे, ते आपणासही मान्य नसावे.

तरी सदर जातीच्या प्रत्येक गोगलगायीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'पेंटर भाईदास, धुळे' असे टाकण्याची परवानगी मिळावी. अक्षर बारीक राहील. कडेच्या पट्टीस व आतील विषास धक्का लागणार नाही. सदर प्राण्यास दिसत नसल्याने त्याची हरकत येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. रंग व ब्रश अर्जदार स्वतःचे आणील. आपण फक्त सोयीच्या ओहोटीची वेळ कळवून तेवढा वेळ पाणी मागे धरून ठेवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
पेंटर भाईदास, धुळे

ता. क. : सही नियमाप्रमाणे उजव्या खालच्या कोपऱ्यात केली आहे. ती पुसण्यात येऊ नये.